वळवाच्या आठवड्यात अंदाज कसा वाचायचा? (खानापूर, बेळगाव, निपाणी भागासाठी)

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. नंदगडच्या बाजूला घर, बुधवारी स्लॅब ओतायचाय, रविवारी संध्याकाळी धाकट्या भावाचं लग्न गावच्या मोकळ्या पटांगणात गोरज मुहूर्तावर, आणि मोबाईलमधलं अ‍ॅप सोमवारपासनं रविवारपर्यंत सातही दिवस ढग-विजेचं चित्र दाखवालंय, कधी ५५ टक्के कधी ६० टक्के. कोल्हापूरच्या बातम्यांत यलो अलर्ट, बेंगळूरच्या बुलेटिनात 'तुरळक ठिकाणी', गोव्याच्या बुलेटिनात कोरडं. मग खरं कुणाचं?

तिघांचंही खरं आहे, आणि हा आपल्या भागाचा जुनाच घोळ आहे. हवामान खात्यानं देशाचे जे विभाग पाडलेत त्यात बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटक'मध्ये येतो, पलीकडचं चंदगड-गडहिंग्लज-कागल 'मध्य महाराष्ट्र'मध्ये आणि घाट उतरला की 'कोकण-गोवा'. म्हणजे आपण तीन विभागांच्या तिठ्यावर बसलोय. ढगाला काय कोगनोळीचा चेकनाका माहीत नाही. बेंगळूरचं बुलेटिन बिदर-कलबुर्गीपासनं खानापूरपर्यंतचा पट्टा एका वाक्यात सांगतं, आता बिदरचं हवामान आणि जांबोटीचं हवामान एका वाक्यात कसं मावणार? म्हणून मी कायम तिन्ही बघतो, आणि त्यातनं जिल्ह्याचा वेगळा अंदाज काढून वाचतो. खानापूरच्या माणसानं कोल्हापूर जिल्ह्याचा अंदाज जरूर बघावा. निपाणीवाल्यांनी तर तो आधी बघावा.

आता शब्दांचं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस थोडा असं नाही हो, इथंच लोक फसतात. त्या विभागातल्या पाऊस मोजायच्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, त्याच्यावर गेलं की जवळपास सगळीकडं. म्हणजे हा शब्द किती जागी पडंल ते सांगतो, किती जोरात पडंल ते नाही. तुरळक ठिकाणीच्या दिवशी सुद्धा ज्या गावावर ढग फुटतो त्या गावात तासाभरात ४० मिलिमीटर पडून ओढा भरून वाहतो आणि शेजारच्या गावात धुरळा उडत असतोय. बेळगावच्या टिळकवाडीत रस्त्यावर पाणी आणि जवळच्या कडोली गावात कोरडं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. यलोचा अर्थ पण 'पाऊस येणारच' असा नाही, लक्ष ठेवा एवढाच आहे. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. वळवाच्या दिवसांत यलो बहुतेक विजा आणि ताशी ४०-५० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी असतो, पावसाच्या आकड्यासाठी नव्हे.

आणि ते ६० टक्के. अ‍ॅपच्या मागं जे संगणकाचं मॉडेल असतं ते जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. जगातली चांगली मॉडेलं ९ ते १३ किलोमीटरच्या चौकोनावर चालतात, आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झालं ते ६ किलोमीटरवर. वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद, आयुष्य पाऊण-एक तास. म्हणजे चाळणीची भोकं आणि दाणा जवळपास एकाच मापाचे. मॉडेल एवढंच सांगू शकतं की आज या भागात असले ढग तयार व्हायला हवा पोषक आहे, तो तुमच्या पटांगणावर येणार की नंदगड सोडून हलशीवर जाणार हे पाच दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर मांडवाचे पैसे लावू नका.

मग काय कळतं? वेळ कळते. माझ्या मते या सगळ्या प्रकारात हीच खरी उपयोगाची गोष्ट आहे आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. सगळे विचारतात पाऊस येणार का, विचारायला पाहिजे कधी येणार. मान्सूनचा पाऊस दिवसरात्र कधीही येतो, वळीव मात्र घड्याळ लावल्यासारखा असतो, कारण तो उन्हावर चालतो. सकाळभर जमीन तापते, अरबी समुद्राकडनं घाट चढून दमट हवा येते, पूर्वेकडं गोकाक-अथणीच्या बाजूला कोरडी तापलेली हवा असते, वर मराठवाड्यापासनं कर्नाटकातनं खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत कमी दाबाची एक लांबट रेषा पडलेली असते, बुलेटिनात तिला द्रोणीय रेषा म्हणतात. ही रेषा आपल्या डोक्यावर किंवा थोडी पूर्वेला असली की आठवडाभर असंच चालू राहतं, तुमच्या अ‍ॅपवर सात दिवस सारखं चित्र दिसतंय ते त्यामुळंच. दुपारी १ वाजेपर्यंत ढग नुसते फुगत असतात, २-३ ला त्यातला एखादा १२-१४ किलोमीटर उंच जातो, आणि ३ ते ७ ही आपल्या भागाची खरी वेळ. रात्री ८-९ नंतर उन्हाचा जोर गेला की ढग बसतात. सकाळी ६ ते दुपारी १ मध्ये वळीव पडलाय असे दिवस मी नोकरीच्या आणि नंतरच्या मिळून ३० वर्षांच्या वहीत फार थोडे लिहिलेत, आणि त्यातले बरेचसे समुद्रात काहीतरी शिजत असतानाचे.

तेवढा अपवाद लक्षात ठेवा. मेच्या मध्यात अरबी समुद्रात कमी दाब तयार झाला तर हे सगळं घड्याळ मोडतं. २०२१ च्या मेच्या मध्यावर तौक्ते वादळ कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हाचा पाऊस वळवाचा नव्हता, तो तासनतास चालणारा पाऊस होता. २०२५ ला तर २४ मेला केरळात आणि २६ ला मुंबईत मान्सूनच पोचला, त्या महिन्यात वळवाचे नियम लावून काही उपयोग नव्हता. म्हणून बुलेटिन उघडल्यावर पहिलं वाक्य अरबी समुद्राबद्दल काय म्हणतंय ते बघायचं. तुम्ही पाठवलेल्या या आठवड्याच्या बुलेटिनात समुद्राचा उल्लेख नाही, नुसती द्रोणीय रेषा आहे, म्हणजे हा साधा वळवाचा आठवडा आहे असं धरून पुढचं सांगतो.

स्लॅब: बुधवारीच घाला, पण पहाटे. सहाला मिक्सर सुरू व्हायला पाहिजे आणि बाराच्या आत शेवटचं घमेलं वर गेलं पाहिजे. सेंट्रिंगवाले म्हणतात दहाला सुरू करू, ऐकू नका, दहाला सुरू केलेला स्लॅब बरोब्बर चारला अर्धवट ओला असतोय आणि तेव्हाच ढग येतो. नुकत्याच ओतलेल्या काँक्रिटवर जोराचा पाऊस पडला की वरचं सिमेंट धुऊन खडी उघडी पडते. चार-पाच तास झाले असतील तर ताडपत्रीखाली धोका बराच कमी, आणि आठ-दहा तासांनी नीट घट्ट झालं की पडू दे पाऊस, उलट फुकटचं क्युरिंग. ताडपत्र्या आदल्या दिवशीच वर नेऊन ठेवा आणि कडेला दाबायला विटा पण, कारण पावसाच्या आधी वारा येतो आणि नुसती अंथरलेली ताडपत्री तो शेजारच्या परसात नेऊन टाकतो. हा वारा कुठनं येतो ते सांगतो: ढगातनं पाऊस खाली पडायला लागला की त्याच्याबरोबर गार हवा पण खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूला पसरते. तुम्हाला उकाड्यात एकदम गार झुळूक आली, मातीचा वास आला, तर छान वाटतं खरं, पण त्याचा अर्थ ढग आता फुटलाय आणि तुमच्याकडं दहा-वीस मिनिटं आहेत. पत्रे, मांडव, होर्डिंग पडतात ते याच वाऱ्यानं, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

आता कुठल्या दिशेला बघायचं. हे मी नुकसान बघून शिकलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत खानापूरजवळच्या एका वीटभट्टीवाल्या काकांनी विचारलं, आज कच्च्या विटा उघड्या ठेवू का झाकू. मी घाटाकडं बघितलं, मावळतीला आभाळ निळंशार, सांगितलं काही येत नाही. पावणेपाचला बैलहोंगलच्या बाजूनं काळं आलं आणि हजारो विटांचा चिखल झाला, काका मला एक शब्द बोलले नाहीत, त्यांची बायको मात्र भट्टीजवळ बसून रडत होती आणि ते मला अजून दिसतं. चूक साधी होती. आपल्याला पाऊस मावळतीकडनं येतो ही सवय जून ते सप्टेंबरची आहे. वळीव बहुतेक वेळा उगवतीकडनं येतो, कारण ढग ज्या उंचीवर वाहतो तिथले वारे या दिवसांत बऱ्याचदा पूर्वेकडचे असतात, खाली तुमच्या अंगाला लागणारा वारा घाटाकडनं येत असला तरी. म्हणून दुपारी दोननंतर तोंड बैलहोंगल-गोकाककडं करून बघायचं. तिकडं पांढऱ्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग दिसला, त्याचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला आणि बुडखा निळा-काळा, तर तो सरकतोय कुठं ते दहा मिनिटं एका झाडाच्या किंवा देवळाच्या कळसाच्या रेषेत धरून बघा. डावीउजवीकडं सरकत असला तर बाजूनं जाणार. सरकत नाही, नुसताच मोठा होतोय, तर तुमच्याकडंच येतोय.

साधारण क्रम असा असतोय की पूर्वेकडं गोकाक-सौंदत्ती-बैलहोंगल पट्ट्यात तीनच्या सुमाराला फुटतो, बेळगाव-खानापूरला चार ते सहा, तिथनं घाटमाथ्यावर जांबोटी-कणकुंबीला संध्याकाळी आणि कधीकधी रात्री खाली गोव्यात उतरतो. घाटावर स्वतःचे वेगळे ढग पण तयार होतात, ते कणकुंबी-चोर्ल्याकडं दुपारीच पडून मोकळे होतात. निपाणी-संकेश्वर बाजूला येणारे ढग बऱ्याचदा सांगली-मिरजेकडनं किंवा चिकोडीकडनं येतात. अथणी-रायबागला पाऊस कमी, वाऱ्याचा आणि गारांचा त्रास जास्त. तिकडं बेदाणा अजून शेडवर असंल, हळद शिजवून वाळत घातली असंल, तर त्या लोकांना माझं एवढंच सांगणं की दुपारी एकला गोळा करून झाका, आभाळ कितीही स्वच्छ असू दे. रोज गोळा करायचा कंटाळा येतो, मजुरी जाते, मला मान्य आहे, पण भिजलेल्या बेदाण्याला आणि भिजलेल्या हळदीला मार्केटमध्ये काय भाव मिळतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. खानापूर-चंदगडकडं काजूबियांचं तेच.

सकाळचं आभाळ वाचायला शिका, ते अ‍ॅपपेक्षा जास्त सांगतं. सकाळी सात-आठलाच घामाची चिकचिक, घाटाकडं धुकं, आणि मधल्या उंचीवर किल्ल्याच्या बुरुजासारखे छोटे छोटे उभे ढग दिसले तर दुपारी नक्की काहीतरी होणार, ही खूण मला फार क्वचित फसवते. वरच्या थरातली हवा आधीच उसळलेली असते, खालनं ऊन मिळालं की झालं. उलट सकाळी सगळं आभाळ राखाडी झाकलेलं दिसलं की लोक घाबरतात आणि कामं रद्द करतात, आणि तो दिवस बऱ्याचदा हलक्या सरींवर निभावतो, कारण ऊनच पडलं नाही तर जमीन तापणार कशी. भीती वाटायला पाहिजे ती आदल्या दिवशी पाऊस पडून दुसऱ्या दिवशी स्वच्छ कडक ऊन पडलं त्याची. जमिनीत ओल, वर ऊन, दुपारी कमाल तापमान ३५-३६ च्या वर. असल्या दिवशी गारा पण पडतात. मोबाईलवर ड्यू पॉइंट, म्हणजे हवेत ओल किती ते सांगणारा अंशांतला आकडा, दिसत असंल तर तो बघा, बेळगावात १८-२० च्या वर असंल तर हवेत माल आहे, १२-१३ वर आला आणि कोरडा उत्तरेचा वारा असंल तर अ‍ॅपनं ढग दाखवू दे, मी छत्री घेत नाही.

ऐन दिवशी कामाला येतो तो हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा, ज्याला नाऊकास्ट म्हणतात. तो जिल्ह्यासाठी येतो, आणि तो येतो तेव्हा ढग आधीच तयार झालेला असतो आणि रडारवर दिसत असतो. गोव्याचं रडार आपल्याला सगळ्यात जवळ, सरळ रेषेत बेळगाव ८० किलोमीटरच्या आसपास, त्याचं चित्र खात्याच्या वेबसाईटवर कुणालाही बघता येतं, दर काही मिनिटांनी नवीन येतं, दोन-तीन चित्रं मागंपुढं करून बघितली की ढगाची चाल समजते. विजांसाठी दामिनी अ‍ॅप घाला, तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठं पडालीय ते दाखवतं. आणि कर्नाटकाची एक गोष्ट खरंच चांगली आहे, राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक ग्रामपंचायत पातळीवर बसवलेत, त्यामुळं शेजारच्या पंचायतीत आत्ता किती पडला ते कळू शकतं, त्यांची वरुणमित्र हेल्पलाईन पण आहे. मेसेज कानडीत येतात म्हणून आपली बरीच माणसं न वाचताच पुसतात, तसं करू नका, चार शब्द येत असले तरी पुरे: 'गुडुगु' म्हणजे गडगडाट, 'मिंचु' म्हणजे चमकणं, 'सिडिलु' म्हणजे वीज कोसळणं, 'आलिकल्लु' म्हणजे गारा. मेसेजमध्ये सिडिलु दिसलं की रानातल्या माणसाला फोन करा.

एक बारीक गोष्ट, पण गोंधळ होतो. पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. म्हणजे पेपरात सोमवारच्या तारखेनं आलेला आकडा हा रविवार दुपारचा वळीव असतो. 'सोमवारी पाऊस सांगितला आणि पडला रविवारी' असं भांडण करणाऱ्या निम्म्या लोकांचं उत्तर यात आहे.

आता लग्न. ताई, गोरज मुहूर्त बदलता येत असंल तर बदला. मला माहिती आहे पत्रिका छापून झाल्यात, पण या दिवसांत सूर्य पावणेसातच्या पुढं मावळतो, म्हणजे पाच ते सात हा वरातीचा आणि अक्षतांचा वेळ नेमका वळवाच्या तावडीत. दुपारी साडेबाराची अक्षता आणि तीनच्या आत पंगती उठल्या तर मला काळजी नाही. बदलता येत नसंल तर अक्षता देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पक्क्या हॉलमध्ये घ्या आणि जेवणं रात्री साडेआठनंतर पटांगणात. रविवार आजपासनं सहावा दिवस आहे. माझा अनुभव असा की पहिल्या दोन दिवसांचा अंदाज भागासकट धरावा, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाची नुसती चाल धरावी, आणि सहाव्या-सातव्यातनं एवढंच घ्यावं की हवा अस्थिर राहणार का कोरडी. या वेळी अस्थिर राहील असंच मला पण वाटतंय.

मांडवाचं मात्र मी आग्रहानं सांगणार. लोखंडी पाईपाचा, वर कापड टाकलेला मोकळा मांडव हा पावसापासनं थोडाफार वाचवतो, विजेपासनं अजिबात नाही. वीज पाऊस पडतोय तिथंच पडते असंही नाही, ढगापासनं दहा किलोमीटर लांब सुद्धा कोसळते. चमकल्यापासनं गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. ३० सेकंदाच्या आत आवाज आला तर सगळी माणसं पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाड्यांत गेली पाहिजेत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आंब्याखाली उभं राहायचं नाही, हे पोरांना आधी सांगून ठेवा, कारण पाऊस आला की पडलेल्या कैऱ्या गोळा करायला पोरंच आधी झाडाखाली धावतात. आपल्या भागात वळवात माणसं आणि जनावरं जातात ती पाण्यानं नाही, झाडाखाली उभी राहून जातात. वाजंत्र्यांना, मंडपवाल्याला, जनरेटरवाल्या पोराला पण आत घ्या, पाहुण्यांच्या गडबडीत त्यांची आठवण कुणाला राहत नाही.

वळवाला नुसतं शिव्या देऊन पण चालणार नाही. एक एकरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४० हजार लिटर पाणी, टँकरनं आणायचं म्हटलं तर हिशेब करून बघा. खानापूर-बेळगावकडं रोहिणी नक्षत्रात धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीत, भात पेरायचा तर त्याआधी दोन-तीन चांगले वळीव पडून नांगरट आणि ढेकळं फुटणं झालं पाहिजे. कानडीत तर म्हणच आहे, भरणी नक्षत्राचा पाऊस पडला तर सगळी धरणी पिकते. भरणी म्हणजे हेच दिवस, २७ एप्रिलच्या आसपास सुरू होते आणि ११ मेच्या सुमाराला कृत्तिका लागते. तुमच्या वडिलांचं भाताचं रान असंल तर त्यांना विचारा, लग्नाच्या मांडवात उभे राहून सुद्धा ते मनातनं पाऊस मागत असतील.

स्लॅबच्या दिवशी पहाटे साडेपाचला आभाळाचा एक फोटो उगवतीकडं आणि एक घाटाकडं काढून मला पाठवा, मी बघून सांगतो. आणि रविवारसाठी शुक्रवारी रात्रीचं बुलेटिन आलं की कोल्हापूर, बेळगाव, गोवा तिन्हीचं त्या दिवसाचं वाक्य कळवा, तोपर्यंत शाळेच्या हॉलची चावी कुणाकडं असते तेवढं बघून ठेवा.